दोन अपत्यांच्या नियमामुळे महाराष्ट्रात जन्मदर घटला का?

फारसा नाही. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाची, म्हणजे दोनच अपत्यांची, अट 2005 मध्ये आली. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा: 2005-06 मध्येच राज्यात बाईमागे सरासरी मुलं 2.1 वर आली होती, 1992-93 मध्ये हाच आकडा 2.9 च्या आसपास होता. म्हणजे नोकरीची ही अट यायच्या आधीच लोकांनी ठरवून टाकलं होतं. 2019-21 मध्ये तर 1.7. मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, बाळं जगू लागली आणि नंतरच्या काळात घरापर्यंत येऊ लागलेली आशाताई, कारणं ही.

खरी गोची वेगळीच आहे. 2019-21 च्या याच सर्वेक्षणात देशभरात 37.9 टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली, पुरुषांची जेमतेम 0.3 टक्के! आमच्याच घरी, इथं नागपुरात, दुसऱ्या बाळंतपणानंतर वहिनीचं ऑपरेशन झालं. दादाला विचारलं तर म्हणे, "मले पोती उचला लागते ना बावा." पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, त्याच दिवशी माणूस घरी. वहिनी मात्र टाके पडलेल्या पोटावर हात ठेवून भाकरी थापत होती. (आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती अजून गेली नाही, हेही खरं.)

आता तांबी, अंतरा (गर्भ राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं) इंजेक्शन, गोळ्या सगळं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते.