कॅन्सरच्या सपोर्ट ग्रुपमध्ये दुसऱ्यांची दुखणी ऐकून माणूस अजून खचत नाही का?

बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, डॉक्टर ग्रुपला पाठवा म्हणतायत आणि तुम्हाला ही भीती. मलाही सेम वाटायचं, माझी केमो चालू असताना दोनदा तर मी दारातूनच परत आलेय.

तिसऱ्यांदा बसले. एक बाई सांगत होत्या की केस गेल्याचं काही नाही हो, भुवया गेल्या ते जास्त लागलं, आरशात कोण उभंय तेच कळेना, आणि सगळ्या हसल्या, मीपण हसले, कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बिचारी म्हणून बघत नव्हतं. घरी कसं होतं, भीती वाटतेय म्हटलं की समोरच्याचाच चेहरा पडतो, मग आपणच त्याला धीर देत बसायचं. ग्रुपमध्ये मरणाचं बोललं तरी कोणी विषय बदलत नाही. रिपोर्टच्या आधी झोप उडणं, ट्रीटमेंट संपल्यावर आनंद सोडून उलट धास्तीच वाटणं, मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय, तिथे कळलं की बहुतेकींचं हेच.

आयुष्य वाढतं म्हणून मात्र जाऊ नका. १९८९ ला डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ८६ बायकांचा अभ्यास छापला, कॅन्सर शरीरात पसरलेल्या, त्यात ग्रुपवाल्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, त्यावरून खूप गाजावाजा झाला. पण २००१ मध्ये अशाच २३५ जणींवर करून बघितलं तर आयुष्यात फरक नाही, पुढे स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही एकूणात तो दिसला नाही. पण २००१ वाल्यात मनाचा त्रास आणि दुखणं दोन्ही कमी जाणवलं, तेही मुख्यतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना. मला तेवढं पुरेसं आहे.

तुमची भीती अगदीच खोटी नाहीये. आमच्यातली एक गेली तेव्हा मी तीन आठवडे फिरकले नाही. म्हणून ग्रुप चालवणारं माणूस ट्रेन्ड आहे का ते आधी विचारा, आणि बहिणीच्याच स्टेजच्या बायका असतील तर बरं. कोणी तिथे रामबाण औषध विकायला लागलं तर सरळ उठून या.

बोलायची सक्ती नसते, नुसतं बसलं तरी चालतं. आणि तुम्ही बाहेरच थांबा हं, तुमच्यासमोर ती परत खंबीर व्हायला लागेल.