भीमाशंकरला शेकरू खरंच दिसतं का? कधी जावं आणि कुठे बघावं?

दोनदा जाऊन आलात, दोन्ही वेळा श्रावणात, आणि शेकरू, म्हणजे ही झाडांवर राहणारी भली मोठी खार, दिसलं ते फक्त वनखात्याच्या पाटीवर, असं तुम्ही लिहिलंय. श्रावणात गेलात तिथेच घोळ झाला. त्या दिवसांत धुकं असं उतरतं की समोरच्या झाडाचा शेंडा दिसत नाही, पाऊस थांबत नाही, आणि देवळाच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते. मीही पहिली तीन वर्षं पावसाळ्यातच गेलो. भजी खाल्ली, जळवा काढल्या आणि परत आलो.

जानेवारी ते मे या महिन्यांत जा. त्यातही एप्रिल-मे उत्तम, कारण तेव्हा उंबर, आंबा, जांभूळ असं काही ना काही फळलेलं असतं. उजाडताच जंगलात हवं. दुपारी शेकरू फांदीवर पसरून झोपतं, मग खालून कितीही माना मोडा.

मला पहिलं शेकरू दाखवलं ते भीमाशंकरच्या रानातल्या आहुपे गावच्या एका म्हाताऱ्या बाबांनी. मी दुर्बीण लावून शेंडे न्याहाळत होतो. बाबा म्हणाले, "वर काय बघतोस? खाली बघ की!" पायाशी अर्धवट कुरतडलेली फळं आणि सालींचे तुकडे पडले होते, अजून ओले. तेवढ्यात एक तुकडा माझ्या खांद्यावर पडला. वर हे महाशय मागच्या पायांनी फांदीला धरून उलटे लटकलेले, पुढच्या दोन्ही हातांत फळ. पाठ गडद तांबूस, पोट पिवळसर पांढरं, आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट खाली लोंबतेय. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट तरी असेल. खार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्याच्याशी याचा काही मेळ बसत नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी कान, मग जमीन, मग झाड. शेकरू बिथरलं की टक्-टक्-टक् असा खडखडाट करतं, तो बराच लांबून ऐकू येतो. घरटी शोधणं त्याहून सोपं. काटक्या आणि पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांवर असतो, जिथे जड जनावर पोचू शकत नाही. पण घरटं दिसलं म्हणजे आत शेकरू आहे असं नाही. एकटं शेकरू चार-सहा घरटी बांधून ठेवतं आणि आलटून पालटून वापरतं. पानं हिरवी असतील त्या घरट्याखाली थांबा, वाळकं असेल तर पुढे चला.

कुठे, तर देवळामागून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी वाट ठीक आहे, पण तिथे सकाळी नऊनंतर माणसांचीच वर्दळ. मला विचाराल तर आहुप्याची देवराई. भैरवनाथाचं रान म्हणून तिथली काडीही कुणी घरी नेत नाही, त्यामुळे झाडं जुनी आणि वर फांदीला फांदी लागलेली. शेकरूला हेच लागतं. ते वीस फुटांची उडी सहज मारतं, पण जमिनीवर उतरायला नाखूष असतं. रुंद रस्त्याच्या कडेला येऊन, इकडेतिकडे बघून मागे फिरलेलं शेकरू मी स्वतः पाहिलंय. एकाच मोठ्या झाडाच्या जाण्यानं त्याची वाट तुटते. 1985 साली अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्यासाठी, साधारण 131 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत. शेकरू आपला राज्यप्राणी, हे पाटीवर वाचलंच असेल.

माथ्यावरची झाडं बुटकी दिसली तर रान तोडलंय असं समजू नका. खडकावर माती थोडी आणि कोकणातून येणारा वारा बेफाम. तिथे अंजनीची झाडं बघा, उन्हाळ्यात थेट फांद्यांना चिकटून निळीजांभळी फुलं येतात. सांबर, भेकर, बिबट्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. भेकर मात्र ऐकू येईल. ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि पहिल्यांदा ऐकणारा हमखास काठी शोधतो.

पावसाळ्यातच जायचं असेल तर वेगळ्या गोष्टीसाठी जा. कुजक्या ओल्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते. टॉर्च बंद केल्यावर डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात, मग काड्याच काड्या पेटल्यासारख्या दिसतात. त्यासाठी वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या हवाच, रात्री एकट्यानं रानात शिरू नका.

पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे असं जा. आहुप्याला जायचं तर आदल्या संध्याकाळी पोचून गावातच कुणाकडे तरी मुक्काम करा, भाकरी-पिठलं मिळतं. आणि पिशवीत बिस्किटं असतील तर ती तुम्हीच खा, शेकरूला टाकू नका.