पांदणीवरची सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सायकलला ७०० बाय ३८ चे (म्हणजे ३८ मिमी रुंद) टायर आहेत. खिंडसीहून पांदणीने परतताना तीनदा पंक्चर झालं, त्यात दोनदा एकाच जागी. टायर बदलू का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : आधी काटा शोधा. एकाच जागी दोनदा हवा गेली, म्हणजे पहिल्या काट्याचं टोक रबरातच राहिलेलं आहे. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि आतलं टोक नव्या ट्यूबला टोचतं. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना टायर आतून तपासा. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकतील तिथे काटा. बारीक पक्कडीने तो ओढून काढा. सराट्याचा काटा आखूड असतो, पण रस्त्याच्या कडेला पसरलेला असतो. म्हणून थांबताना सायकल गवतात ढकलू नका, उचलून ठेवा.

पॅच सुटतो तो घाईमुळे. ट्यूब पॉलिशपेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या, पाच मिनिटं थांबा, चमक गेली की पॅच लावून घट्ट दाबा. सोल्युशनची उघडलेली नळी नागपूरच्या उन्हात सुकते, तेव्हा निघण्याआधी दाबून बघा. दोन दिवसांसाठी दोन ट्यूब आणि आठ पॅच पुरे.

ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर दोष काट्याचा नाही. हवा कमी होती आणि दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली. स्वार सत्तर किलो आणि सामान बारा किलो असेल तर मागच्या चाकात ५० आणि पुढच्या चाकात ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करा, मुरमावर पाचेकने कमी करा. टायरवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात उमरेडकडच्या शेतरस्त्यांनी जाता येईल का?

उत्तर : मुरूम असेल तिथवरच. काळी माती भिजली की टायर आणि मडगार्डमध्ये दाटते, चाक फिरेनासं होतं. तेव्हा जोर लावून पेडल मारलं की चिखलात अडकलेला डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) मागे ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. तुटला की पुढचे किलोमीटर पायीच! तुमच्याच मॉडेलचा जादा हँगर जवळ ठेवा, आणि चिखल लागला की उतरून काडीने खरवडा. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की रस्ता पुन्हा चालतो.

प्रश्न : कॅरिअरचा बोल्ट वाटेत गळून पडतो. उपाय?

उत्तर : खडबडीत रस्त्याच्या थरथरीने तो सुटतो. ५ मिमीच्या बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि रोज सकाळी चार मिमीच्या अ‍ॅलन कीने तपासा. दोन जादा बोल्ट बाटलीच्या स्टँडच्या रिकाम्या भोकांत बसवून ठेवा, हरवत नाहीत. जड सामान खालच्या पिशवीत भरा.

प्रश्न : देवलापारच्या बाजूला जंगलात तंबू ठोकता येईल?

उत्तर : नाही. तो पेंचच्या वाघांचा टापू आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही. दिवस मावळायच्या आत गावात पोचा, पोलीस पाटील किंवा सरपंचांना विचारा. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप बहुधा मिळतो. हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा फरशीवर आधी जाड मॅट अंथरा, मग स्लीपिंग बॅग. थंडी जमिनीतून जास्त शिरते.