नावाआधी पलटण शोधा
वाचकांचे प्रश्न : वाडवडिलांचा आणि युद्धावर गेलेल्या नातलगांचा माग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत. तिन्ही ग्वाल्हेरातली आहेत आणि तिन्हींत अडचणही जवळजवळ एकच आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रात सांगण्याजोगे पुष्कळ असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझे पणजोबा शिंदे सरकारच्या पायदळात होते आणि जर्मनच्या लढाईत आफ्रिकेकडे गेले ते परतलेच नाहीत, एवढेच आमच्या घरात सांगत आले आहेत. कोणी म्हणतात, ते ‘लॉयल्टी’ जहाजावर वारले. कोणी म्हणतात, त्यांचे नाव दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेले आहे. आमच्या देवघरात एक जड गोल चकती आहे, तिला आजी ‘सरकारी ताटली’ म्हणत असे. शिवाय चांदीचे एक पदक आहे आणि एक मोडी कागद आहे, त्यावरचे ‘मार्गशीर्ष, संवत १९७१’ एवढेच वाचता येते. काही वर्षांपूर्वी एका लष्करी केंद्राला नाव कळवून विचारणा केली, तेव्हा ‘या नावाची नोंद आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता पुढे काय करावे? (जनकगंज, लष्कर)

उत्तर : तुम्हाला आलेले उत्तर खोटे असेलच असे नाही, प्रश्न चुकीच्या दाराशी आणि चुकीच्या धाग्याने विचारला गेला असावा. त्या काळच्या लष्करी कागदांत माणूस नावाने सापडत नाही. तो पलटणीने सापडतो, क्रमांकाने सापडतो, आणि नाव अगदी शेवटी, तेही ओळखू येणार नाही अशा रूपात, हाती लागते. म्हणून आधी देवघरातल्या वस्तूंकडेच वळू.

ती ‘सरकारी ताटली’ म्हणजे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने दिलेली कांस्याची स्मृतिचकती होय. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो. तिच्यावर हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया, पुढे सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत फक्त नाव असते. हुद्दा मुद्दाम दिलेला नसतो, कारण मृत्यूत सगळे सारखे मानावेत असा त्यामागचा विचार होता. ही चकती घरात आहे याचा अर्थ पणजोबा सेवेत असताना किंवा त्या सेवेमुळेच वारले, याविषयी शंका उरत नाही. फार वर्षे हळद-कुंकू वाहिले गेल्याने चौकटीतली अक्षरे बुजली असतील, तर ती चिंचेने किंवा रांगोळीने मुळीच घासू नका. मऊ कोरड्या ब्रशने पुसा आणि तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या. त्या छायाचित्रात इंग्रजी अक्षरे जशी दिसतील तशीच, आपल्या मते चुकलेली असली तरी, उतरवून ठेवा.

पदकाची खरी माहिती त्याच्या तोंडावर नसून कडेवर असते. भिंगाखाली पदक हळूहळू फिरवून पाहा. कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढे सारे बारीक अक्षरांत ठसवलेले असते. हे पदक चांदीचे आहे ही गोष्टही महत्त्वाची आहे, कारण तेच पदक लढाऊ सैनिकांना चांदीचे आणि सैन्याबरोबर गेलेल्या बिनलढाऊ मजूर-नोकरांना कांस्याचे दिले जात असे. तेव्हा पणजोबा शिपाईच होते हे पदकाच्या धातूवरूनच कळते. घरच्या माणसांनी आजवर त्याची कड पाहिली नसेल तर नवल नाही. पदक भिंतीवर टांगलेले असले की कड कोणालाच दिसत नाही.

आता आफ्रिका. ग्वाल्हेर संस्थानाची इंपीरियल सर्व्हिस फौज (म्हणजे साम्राज्याच्या मदतीसाठी संस्थानाने ठेवलेली फौज) पहिल्या महायुद्धात बाहेर गेली होती. तिच्यापैकी तिसऱ्या पायदळाची अर्धी पलटण १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेल्या मोहिमेत होती, आणि त्या मोहिमेने जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर २ ते ५ नोव्हेंबर १९१४ या दिवसांत केलेला हल्ला पुरता फसला. चौथे पायदळ याच सुमारास सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) होते. घरची आठवण ‘आफ्रिका’ एवढेच म्हणते. मिसरही आफ्रिकेतच असल्यामुळे ती दोन्हींना लागू पडू शकते. पदकाच्या कडेवरचा पलटणीचा आकडा तीन आहे की चार, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे.

‘मार्गशीर्ष, संवत १९७१’ या तिथीचा इसवी सनाशी मेळ घालताना सत्तावन्न वजा करावेत. म्हणजे १९१४ हे वर्ष निघते आणि महिना नोव्हेंबर-डिसेंबरचा येतो. टांग्याच्या बातमीशी हे जुळते खरे, परंतु येथे ग्वाल्हेरची एक खास अडचण आहे. आपल्या घरात महिना अमावास्येला संपतो, आणि गावात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे कागदावर ‘वद्य’ पक्ष असेल आणि लिहिणारा गावच्या, पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या चालीचा असेल, तर त्याचा मार्गशीर्ष वद्य हा आपल्या हिशेबाने कार्तिक वद्य होतो आणि तारीख महिनाभर मागे सरकते. कागद वाचणाऱ्या मोडी जाणकाराला ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, कारण पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ती सुचणार नाही.

‘लॉयल्टी’विषयी घरातली दंतकथा अर्धी खरी आहे. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचे जहाज ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९१४ च्या अखेरीस विकत घेतले, त्याची रुग्णनौका केली आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. ती रुग्णनौका म्हणून काम करू लागली १९१५ साली. तेव्हा मोडी कागद मृत्यूचाच असेल तर जहाजावरची कथा मागे घ्यावी लागेल. कागद पगाराचा किंवा रवानगीचा असेल तर ती कथा टिकू शकेल. (हेच जहाज पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळतात.)

इंडिया गेटवरची सुमारे तेरा हजार नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्द आणि १९१९ चे अफगाण युद्ध यांत पडलेल्यांची आहेत. ते स्मारक १९१४ ते १९२१ या काळात कामी आलेल्या सुमारे सत्तर हजार हिंदी सैनिकांचे असले तरी सर्वांची नावे तेथे नाहीत. जो जेथे पडला, बहुधा तेथल्या स्मारकावर त्याचे नाव आहे. पूर्व आफ्रिकेसाठी टांगा, दार-ए-सलाम आणि नैरोबी येथली स्मारके पाहावी लागतात. मिसरसाठी हेलिओपोलिसचे स्मारक आहे. ते मुळात सुएझजवळ पोर्ट तौफिक येथे उभारले होते; १९६७ नंतरच्या अरब-इस्रायल संघर्षात त्याची हानी झाल्यामुळे ते पाडावे लागले आणि १९८० साली हेलिओपोलिसला नवे उभारले गेले.

या साऱ्या स्मारकांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तेथे आडनावाचा रकाना रिकामा सोडा, पलटणीच्या जागी इंग्रजीत फक्त ग्वाल्हेर लिहा, युद्ध ‘पहिले’ निवडा आणि निघालेली सर्व नावे एकेक करून वाचा. ब्रिटिश कारकुनाने ‘राव’ हे आडनाव समजून गणपतराव किंवा बळवंतराव ‘राव’ या अक्षराखाली टाकलेले असतात. काही ठिकाणी आडनावच नसते आणि बापाचे नाव वेगळ्या रकान्यात असते. एका आप्तासाठी मी स्वतः दोन संध्याकाळी भोसले या आडनावाच्या सहा-सात इंग्रजी स्पेलिंगांत घालवल्या आणि शेवटी ते ‘राव’खाली, गावाच्या नावावरून सापडले.

शेवटी लष्करी केंद्राविषयी. मराठा माणूस म्हटला की लोक बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे, पत्र टाकतात. ग्वाल्हेरचे पायदळ मात्र स्वातंत्र्यानंतर कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेले. त्यातून १४ कुमाऊं ही पलटण झाली, तशीच इंदूरच्या पायदळातून १५ कुमाऊं झाली, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र रानीखेतला आहे. पलटणीच्या परंपरेविषयी तेथे विचारता येईल, परंतु १९१४ च्या शिपायाचे वैयक्तिक सेवापुस्तक तेथे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. संस्थानी फौजेचा पत्रव्यवहार परराष्ट्र व राजकीय खात्याच्या आणि ग्वाल्हेर रेसिडेन्सीच्या कागदांत आहे, आणि ते कागद नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. तेथेही पणजोबांचे नाव घालू नका. ‘ग्वाल्हेर इंपीरियल सर्व्हिस’ आणि वर्ष एवढेच इंग्रजीत घाला. जखमींच्या याद्या आणि वारसांना द्यायच्या रकमा अशा प्रकारच्या पत्रव्यवहाराला जोडलेल्या सापडू शकतात.

प्रश्न : माझ्या आजीचा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यातून मराठा पलटणीत भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत वारला. घरी आलेल्या तारेच्या नकलेत पलटणीपुढे ३/५ असे लिहिले आहे. त्याची कबर कोठे असेल, आणि तेथे जाता येईल का? (मुरार)

उत्तर : ३/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी हीच पलटण ११० क्रमांकाची होती, तेव्हा त्या घराण्यातला आधीच्या पिढीचा कोणी पहिल्या युद्धात असेल तर तो १९१५-१६ च्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यातल्या पलटणीत सापडण्याची शक्यता आहे. तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे होते.

‘कबर’ हा शब्द येथे जरा दिशाभूल करतो. हिंदू आणि शीख सैनिकांचे जेथे शक्य होते तेथे दहन केले गेले, त्यामुळे त्यांची नावे दहन-स्मारकांवर आहेत. इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्धदफनभूमीत आणि फोर्लीच्या हिंदी लष्करी दफनभूमीत अशी स्मारके आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही त्यांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर आहेत, आणि घाडगे यांचे नावही तेथेच आहे. दुसऱ्या युद्धासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरते. या यादीतल्या नोंदींत पहिल्या युद्धापेक्षा तपशील बराच जास्त असतो. अनेकदा बापाचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव दिलेले असते, म्हणून मृत्यूची तारीख आणि गाव यांवरून तुम्ही त्यांना खात्रीने ओळखू शकाल. तेथे जाता येते, या दफनभूमी लोकांसाठी खुल्या असतात; निघण्यापूर्वी स्मारकावरील फलकाचा क्रमांक मात्र टिपून घ्या.

बेळगावच्या केंद्राला लिहायचे ते येथे योग्य होईल. पत्रात तारेवरचा शिपाई क्रमांक पहिल्या ओळीत लिहा आणि नाव नंतर. पलटणीच्या रोजनिशा लंडनमध्ये क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते, अधिकाऱ्यांचीच येतात. पण त्या दिवशी कोणती कंपनी कोणत्या टेकडीवर होती आणि पाऊस होता की ऊन, एवढे कळते. आजीला ते वाचून दाखवण्यासारखे असते.

प्रश्न : आमचे पूर्वज महादजींबरोबर आले, असे आम्ही ऐकत आलो आहोत. मूळ गाव कोणालाच ठाऊक नाही. वंशावळ कशी लावावी? (दौलतगंज)

उत्तर : ग्वाल्हेरातली निम्मी मराठी घराणी महादजींबरोबरच आलेली असतात! महादजी १७९४ मध्ये वारले, आणि त्यांचे वारस दौलतराव यांची छावणी ग्वाल्हेरच्या आजच्या ‘लष्कर’ भागात स्थिरावली ती १८१० च्या सुमारास. अनेक घराणी तर त्यानंतर, जयाजीराव आणि माधवराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त आली. तेव्हा ती दंतकथा तूर्त बाजूला ठेवा आणि ग्वाल्हेरातूनच मागे जा.

तुमच्या घराकडे कधी शेती किंवा माफीची जमीन असेल तर तहसिलीतली खसरा-खतौनी (जमिनीच्या आणि खातेदारांच्या नोंदी) आणि नामांतरणाची पंजी पाहा. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात तेच आपल्याकडे नामांतरण, आणि कर्ता पुरुष वारला की त्याच्या सर्व वारसांची नावे त्या एकाच नोंदीत येतात. विधवा आणि मुलींची नावेही तेथे मिळू शकतात. घरच्या वंशावळीत ती बहुधा नसतात. मोडीतला ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, तेव्हा ‘राणोजी बिन सटवोजी’ यातला सटवोजी बाप आहे. ते आडनाव समजून सूची करणारे मी पाहिले आहेत.

मूळ गाव मात्र बहुधा क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या, वहीतच सापडते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थाला किंवा श्राद्धाला गेलेल्या यजमानांची नावे, गाव आणि अनेकदा स्वहस्ताक्षर वह्यांत उतरवलेले असते. तेथे उपाध्याय गाव आणि कूळ यांवरून वाटून घेतलेले असल्यामुळे नुसते आडनाव सांगून भागत नाही. ग्वाल्हेर, जात, आडनाव आणि घरात माहीत असलेले सर्वांत जुने नाव एवढे सांगा, म्हणजे कोणाकडे जायचे ते तेच सांगतील. तुमची शाखा ग्वाल्हेरवासी म्हणून नोंदलेली असेल, तर मागच्या पानांवर ‘हल्ली मुक्काम लष्कर, मूळ गाव अमुक’ अशी ओळ असण्याचा संभव आहे. गाव हाती आल्यावरच पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे. तेथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, परगणा आणि खाते यांनुसार बांधलेले असल्यामुळे गावावाचून तेथे गेलात तर कोणता रुमाल सोडायचा हेच ठरणार नाही.