बियाणं धरायचंय? दोनच वाणांपासून सुरुवात करा

ताई, पहिल्या वर्षी वाल आणि चवळी पुरे. काकडी काय, भोपळा काय, एका वाणाचे पराग त्याच पिकाच्या दुसऱ्या वाणाला लागून सरमिसळ होते, ते नंतर बघू. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढचं पीक एकसारखं येत नाही.

नेहमीची चूक म्हणजे चांगल्या शेंगा भाजीला अन् उरलेल्या किडक्या बियाण्याला! आठ-दहा निरोगी वेलांना आधीच चिंधी बांधा, शेंगा वेलावरच वाळू द्या.

- दाणा दाताखाली कटकन फुटला तरच साठवा. दात रुतला तर ओल आहे, बुरशी धरेल.
- चाळलेली थंड राख कालवून मडक्यात भरा, तोंड शेणमातीनं लिंपा.
- पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. सत्तरच्या खाली उगवले तर पेरा दाट करा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंची बियाणं बँक जमलं तर बघून या.