वाचकांचे प्रश्न : जेजुरीचा भंडारा आणि ‘ऑटो’वरचा कॅमेरा

प्रश्न : आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाने हिवाळ्यात जेजुरीला एक दिवसाची सहल काढली होती. भंडारा उधळतानाची छायाचित्रे आम्ही सर्वांनीच काढली, परंतु डोळ्यांना दिसलेला झळझळीत पिवळा रंग एकाच्याही छायाचित्रात उतरला नाही. काहींच्या छायाचित्रांत तो फिका असून पायऱ्या निळसर दिसतात, तर काहींच्या छायाचित्रांत भंडाऱ्याऐवजी नुसता पांढुरका धूर दिसतो. कॅमेरे निरनिराळे असताना असे का व्हावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कॅमेरे निरनिराळे असले तरी ते सगळे ‘ऑटो’वर असावेत, असा माझा तर्क आहे. चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करड्या रंगाच्या आसपास यावी, अशा गृहीतकावर स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय, प्रामुख्याने चालतो आणि एरवी ते खपूनही जाते. गडावर मात्र पायऱ्या, कठडे, दीपमाळा आणि माणसांची डोकीसुद्धा हळदीने माखलेली असतात. त्यामुळे आपण पिवळ्या दिव्याखाली आहोत अशी कॅमेऱ्याची समजूत होते आणि तो इमानेइतबारे निळा रंग मिसळून सारा पिवळेपणा काढून टाकतो. ज्याच्यासाठी आपण गड चढून गेलात, नेमके तेच त्याच्या लेखी दोष ठरते. उपाय सोपा आहे. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का करावा. मोबाइलमध्ये ‘प्रो मोड’ असल्यास तेथेही हे जमते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, जपून ठेवली असेल, तर मागच्या सहलीची छायाचित्रेही अजून सुधारता येतील.

पांढुरक्या धुराचे कारण वेगळे आहे. मागे कमानीची किंवा तटाची गडद सावली असली की कॅमेरा त्या काळोखाला उजळवायला जातो आणि उन्हातल्या भंडाऱ्याचा रंग जळून जातो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करावे. याउलट पिवळ्याधमक पायऱ्यांनीच चौकट भरली असेल, तर कॅमेरा त्या उजेडाला दबकून चित्र मातकट करतो, म्हणून तेथे अर्धा स्टॉप वाढवावा लागतो. दोन्ही प्रसंगी हिस्टोग्राममधली, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखातली, लाल रंगाची उजवी कड पाहावी, कारण पिवळ्या रंगात बहुधा तीच आधी मर्यादेबाहेर जाऊन तपशील हरवते.

पुढची सहलही हिवाळ्यातच ठेवावी, असे मी सुचवीन. डिसेंबरअखेर जेजुरीत भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवरच असतो, आणि गडाची रहदारीची वाट उत्तरेकडून चढत असल्याने खालच्या पायऱ्यांवरून वर पाहताना तो बहुतेक समोर येतो. समोरून येणाऱ्या उन्हात भंडाऱ्याचा कण न् कण पेटल्यासारखा उजळतो. तेच ऊन पाठीमागून आले तर चित्र सपाट होते. मेच्या मध्यावर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा हा खेळ जमत नाही. गटाने जाण्याचा खरा लाभ असा, की एकाच उधळणीवर तिघांनी १/१०००, १/२५० आणि १/३० सेकंद असे वेगवेगळे शटर लावून पाहता येते. पहिल्यात कण गोठतात, तर शेवटच्यात भंडाऱ्याचा पदर लहरतो. मात्र भर उन्हात १/३० साठी उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लागेल. सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठी हे उधळणीचे मोठे दिवस खरे, पण त्या गर्दीत असे सावकाश प्रयोग होणार नाहीत. आधी एखाद्या साध्या दिवशी हात बसवावा.

प्रश्न : जेजुरीहून आल्यापासून माझ्या झूम लेन्सची कडी करकरते. पुन्हा गेल्यास कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करकर थांबेल या आशेने कडी फिरवत राहू नये, लेन्स दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी, घरी उघडण्याचा मोह टाळलेला बरा. पुष्कळशा झूम लेन्स पुढेमागे सरकताना बाहेरची हवा आत ओढतात आणि हळदीची पूड तिच्याबरोबर आत जाते. म्हणून गडावर शक्यतो एकाच मापाची, म्हणजे झूम नसलेली, लेन्स न्यावी, तिच्यावर साधा यूव्ही फिल्टर चढवावा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घालून फक्त लेन्सपुरते भोक ठेवावे आणि ते रबराने आवळावे. लेन्स बदलायची झालीच, तर खाली उतरून गाडीत बदलावी. काचेवर पूड बसल्यास आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश आणि अगदी शेवटी कापड. तोंडाने फुंकर मारली की श्वासातल्या ओलाव्याने पुडीचा लेप होतो. जाता जाता, कपड्यांवरच्या डागांना साबण लावताच ते लालसर झाले तर घाबरू नये. हळद क्षारयुक्त साबणाने लाल होते, पुढे कडक उन्हात डाग फिकट होत जातो.

प्रश्न : आम्ही ज्येष्ठ नागरिक संघातर्फे जेजुरीला जाणार आहोत. देवळासमोर समूहचित्र घेतले की चेहरे काळे येतात. तसेच वाघ्या-मुरळींची छायाचित्रे घ्यावीत का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : देवळासमोर, पितळी पत्र्याने मढवलेल्या भल्यामोठ्या कासवापाशीच सगळे उभे राहतात. मागचे आकाश आणि खालचे चकाकते पितळ मिळून कॅमेऱ्याला फसवतात व तो चेहरे अंधारात टाकतो. तटालगतच्या ओवरीच्या सावलीत, पण अंगणाकडे तोंड करून सर्वांना बसवावे. अंगणातला उजेड परतून चेहऱ्यांवर मऊ पडतो. दोनतीन रांगा असतील तर अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ठेवून मधल्या रांगेवर फोकस करावा. वाइड लेन्स असल्यास कडेला कोणाला उभे करू नये, चेहरे ताणले जातात. मोबाइलवर एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले की प्रकाशमापन तेथेच पक्के होते.

वाघ्या-मुरळींची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, परंतु विचारून, आणि जागरणाचे एखादे पद पूर्ण ऐकून झाल्यावर. त्यांची ही उपजीविका आहे, तेव्हा दक्षिणा द्यावी. छायाचित्राचा भाव मात्र करू नये. गाभाऱ्यात कॅमेरा बंद ठेवावा, आणि इतरत्र फलक व पुजारी सांगतील त्याप्रमाणे वागावे.