दहाव्या पुस्तकात अडकलेय, पुढे जाऊ का?

प्रश्न : नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. १९९८ च्या सुमारास मुंबईत शिकायला होते, तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर रॉबर्ट जॉर्डनचं 'द आय ऑफ द वर्ल्ड' मिळालं, कव्हर अर्धं फाटलेलं, आणि 'व्हील ऑफ टाइम' या फँटसी सिरीजचं जे वेड लागलं ते पुढची चारपाच वर्षं. रँड, मॅट, पेरिन ही पोरं मला आमच्या गावच्या आळीतलीच वाटायची. सहाव्या पुस्तकाचा शेवट वाचला त्या रात्री झोपच लागली नाही. पण आठव्यापासून कंटाळा यायला लागला. नायनीव्ह सारखी आपली वेणी ओढतेय, बाकीच्या बायका नाकं मुरडतायत, पेरिनच्या बायकोला पळवून नेलंय तर तो पुस्तकंच्या पुस्तकं तिला शोधतोच आहे. दहावं 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' भावाने २००३ मध्ये अमेरिकेहून आणलं होतं, अर्ध्यात ठेवलं ते आजतागायत. मग लग्न, नोकरी, मुलगी. आता तीच अकरावीत आहे, सहावं वाचतेय आणि रोज जेवताना विचारते, आई पुढे काय होतं? मला माहीतच नाही! लेखकाचा राग येतो, आणि राग येतो म्हणून वाईटही वाटतं कारण तो माणूस सिरीज पुरी व्हायच्या आधीच गेला. परत उचलू का? की तिलाच सांगू, सातव्यानंतर थांब?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तिला अजिबात थांबवू नका, आणि तुम्हीही उचला. पण आधी तुमच्या रागाबद्दल बोलू, कारण तो चुकीचा नाहीये.

दहावं पुस्तक खरंच रखडलंय. नवव्याच्या शेवटी काय होतं आठवा, रँड आणि नायनीव्ह मिळून पुरुषांच्या वाट्याची जादूची शक्ती, ती तीन हजार वर्षं विटाळलेली, ती धुऊन काढतात, आपण श्वास रोखून वाचतो, पुस्तक संपतं. आणि मग दहावं उघडावं तर काळ मागे जातो, एकेक पात्र आपापल्या ठिकाणी बसलंय, लांबवर कुणीतरी प्रचंड शक्ती वापरतंय एवढं जाणवतं, सगळे त्या दिशेला बघतात, काय असेल म्हणतात आणि परत आपल्या चहाकडे, कपड्यांकडे, तंबूतल्या कुरबुरींकडे वळतात. हे एकदा नाही, पात्रामागून पात्र तेच. रँड तर जेमतेम भेटतो. आपल्याकडे महाभारत वाचणारी बरीच मंडळी शांतिपर्व आलं की पानं उलटतात, पण तिथे निदान भीष्म काहीतरी सांगत असतात. इथे तेही फारसं नाही. बायकांच्या त्याच त्याच लकबींबद्दलही तुमचं म्हणणं मला पटतं. एवढा व्हाइट टॉवर, जादू येणाऱ्या बायकांचा गड, उभा केला, राण्यांना धाक वाटावा अशा बायका उभ्या केल्या, आणि भांडताना सगळ्या एकाच साच्यातल्या, हे मलाही खुपतं.

पण आता दुसरी बाजू, आणि यासाठी हे पान मुलीच्या हाती सध्या लागू देऊ नका.

तुम्ही ज्या रात्री झोपला नाहीत ती डुमाईज वेल्सची लढाई. रँडला पेटीत कोंबून नेतात, रोज बाहेर काढून मारतात, परत पेटीत. शेवटी पेरिन माणसं घेऊन येतो, ते काळ्या कोटातले आशामान, म्हणजे जादू येणारे पुरुष, येतात, आणि ज्या पद्धतीने रँड सुटतो त्याचा आनंद होण्याऐवजी पोटात गोळा येतो. आता माझा मुद्दा असा की दुसऱ्या कुठल्याही लेखकाने पुढच्या पुस्तकात हिरोला ठणठणीत करून घोड्यावर बसवला असता. जॉर्डन नाही करत तसं. ती पेटी रँडच्या डोक्यातून जातच नाही, त्याला बंद जागा सोसत नाही, माणसांवरचा विश्वास उडालाय, आणि आपल्यापायी मेलेल्या बायकांची नावं तो मनातल्या मनात घोकतो, ती यादी पुस्तकागणिक वाढत जाते. स्वतःला पोलादासारखं कठीण करायचं एवढंच त्याने धरलंय. म्हणजे ज्या पुस्तकांत आपल्याला वाटतं काहीच घडत नाही, तिथे एक माणूस आतून दगड होत चाललाय, हळूहळू, आणि ते हळूच व्हायला हवं होतं. ती कॅड्सुएन आठवते ना, सोन्याचे दागिने केसांत माळणारी म्हातारी, सुरुवातीला डोक्यात जाते, पण ती म्हणते याला परत हसायला आणि रडायला शिकवायचंय. अख्ख्या सिरीजचा जीव मला तिथे वाटतो.

आणि हे त्या लेखकाने कल्पनेतून नुसतं काढलेलं नाही असं मला फार वाटतं. जॉर्डन हे टोपणनाव, खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनिअर, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा माणूस, व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर गनर होता, नंतर फिजिक्स शिकला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तिथे त्याला दोन टोपणनावं पडली होती. पहिलं होतं गणेशा. आपला गणपती, विघ्नहर्ता! दुसरं होतं आइसमन, माणसं मारताना ज्याच्या मनात काही हलत नाही असा. आपण गणेशा म्हणूनच राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्या आइसमनची आठवणही सुटत नव्हती. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो. रँडचं ते कठीण होणं कुठून आलं असेल ते मला त्या दिवशी कळल्यासारखं झालं. काळाचं चक्र फिरतं, युगं येतात जातात, हे सगळं आपल्याला घरचंच वाटतं, पण खरी ओळख मला त्या एका नावात पटली.

आता तुमच्या कंटाळ्याचं म्हणाल तर त्यातला बराच भाग वाट पाहण्याचा होता. आठवं १९९८ ला आलं, नववं २००० ला, दहावं जानेवारी २००३ ला, आणि अकरावं थेट ऑक्टोबर २००५ ला. दोनदोन अडीचअडीच वर्षं थांबून हातात येतं ते चहाचं वर्णन, तर माणूस चिडणारच हो. तुम्हाला आज ती वाट बघायची नाहीये, दहावं मिटलं की त्याच रात्री अकरावं उघडता येतं, आणि अकरावं 'नाइफ ऑफ ड्रीम्स' म्हणजे जॉर्डन परत पूर्ण भरात आलेला, पेरिनची ती रखडलेली शोधाशोध एकदाची संपते, मॅटची प्रकरणं तर मी तीनदा वाचलीत.

दहावं कसं काढायचं ते सांगतो. पेरिनची आणि एलेनची प्रकरणं भराभर वाचा, एक ओळ सुटली तरी बिघडत नाही. मॅट आणि ट्युऑन नीट वाचा. आणि एग्वेनचं अगदी शेवटचं काहीही झालं तरी सोडू नका, पुढच्या दोन पुस्तकांचा पाया तिथे आहे. वाचवतच नसेल तर ऑडिओबुक ऐका, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग या नवराबायकोने अख्खी सिरीज वाचलीय. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जात असाल तर महिन्याभरात दहावं संपेल, मीही ते लोकलमध्येच संपवलं.

जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ ला गेले, वय ५८, अमायलॉयडोसिस म्हणून दुर्मीळ आजार, हृदयाला झालेला. आजारपणात घरच्यांना बसवून पुढची गोष्ट सांगत होते, नोट्स ठेवल्या, आणि शेवटचा प्रसंग तर लिहूनच ठेवला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल, ज्या पहिल्यापासून त्यांच्या एडिटर, त्यांनी ब्रँडन सँडरसन नावाच्या तरुण लेखकाने लिहिलेली श्रद्धांजली वाचली आणि काम त्याच्याकडे सोपवलं. एकाच पुस्तकात संपवायचं म्हणता म्हणता तीन झाली, २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. भाषा बदललेली जाणवते, बाराव्यात मॅट थोडा परका वाटतो, विनोद जरा ओढूनताणून येतात. पण बाराव्याच्या शेवटी रँड एका डोंगरमाथ्यावर एकटा उभा आहे, यापुढे मी एक अक्षर सांगणार नाही, फक्त एवढंच की दहाव्यातली ती रखडपट्टी सोसलेली असेल तर तो डोंगर जितका लागतो तितका शॉर्टकट मारून आलेल्याला लागत नाही. मी सारांश वाचून दहावं टाळलेले मित्र बघितलेत, त्यांना तो प्रसंग 'छान' वाटला. मला रडू आलं होतं.

राग धरल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ज्या माणसाची आपण इतकी वर्षं वाट बघतो त्याच्यावरच चिडतो आपण.

मुलगी सहावं वाचतेय म्हणालात, म्हणजे डुमाईज वेल्स अजून यायचंय. तिला पुढचं काही सांगू नका, पेटीचंही नाही. फक्त शेवटची शंभरेक पानं उरली की तुम्हाला सांगायचं असं तिच्याकडून कबूल करून घ्या, आणि त्या रात्री तुम्ही तुमचं दहावं घेऊन तिच्याच खोलीत बसा.